तो रुसवा नव्हता

दुकानावर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. लोक म्हणायचे, कोट दोघी बहिणींकडे टाकलाय. आत शिरलं की डाव्या हाताला धाकटीची लाँड्री. इस्त्रीचं लांब टेबल, सारखी सुस्कारे टाकणारी वाफेची इस्त्री आणि छताखालच्या नळीवर ओळीने लटकणारे लोकांचे कपडे. उजव्या हाताला, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला चिकटून, थोरलीचं रफूचं टेबल. धाकटीकडे माणसं कपडे टाकून चालू लागत. थोरलीकडे गेलेलं माणूस मात्र लवकर हलत नसे, कारण थोरलीच्या जिभेला हाड नव्हतं. कुणी पँटीला पडलेलं भोक दाखवलं की ती चष्म्यावरून बघून विचारायची, "कुत्रा चावला की खुर्ची?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय पँट हातात घ्यायची नाही.

तरुणपणी ती लोकरीच्या कापडाच्या गिरणीत होती. मागावरून उतरलेलं कापड उजेडासमोर ताणून धरायचं, तुटलेला धागा हुडकायचा आणि सुईने तो पुन्हा विणून घ्यायचा, हे तिचं काम. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीच्या बायका दुसऱ्या कामांना लागल्या. थोरलीने सुया घरी आणल्या आणि खिडकीपाशी टेबल मांडलं. कोटाला भोक पडलेलं असलं की ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायची, उभा-आडवा विणत जायची, आणि काम झालं की गिऱ्हाइकाला म्हणायची, शोधा आता. गिऱ्हाईक बोटांनी चाचपडत राहायचं. ती खुदकन हसायची. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, दुसऱ्यांची भोकं बुजवता बुजवता दिवस गेले, स्वतःला पाडून घ्यायला सवडच मिळाली नाही.

धाकटीला तिनेच वाढवलं होतं. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. तिची फी, तिचे बूट, तिचं लग्न, सगळं गिरणीच्या पगारातून झालं. पुढे काही वर्षांतच धाकटीचा नवरा गेला आणि ती लहानग्या लेकीला कडेवर घेऊन परत आली, तेव्हा थोरलीने एक प्रश्न विचारला नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतली मोठी खोली रिकामी करून दिली आणि म्हणाली, "ठकू, हात धू. चहा ठेवलाय." धाकटीला ती ठकूच म्हणायची, अगदी गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

धाकटी मुळात अबोल आणि मानी. लाँड्री तिने स्वतःच्या हिमतीवर उभी केली, लेकीला शिकवलं, लेक दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायला लागली. तरी मनात कुठेतरी एक सल होताच. आपण ताईचं देणं लागतो, आणि ते कधी फिटायचं नाही. ताईने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. कदाचित म्हणूनच ते जास्त टोचायचं.

डोळ्याचं दुखणं सुरू झालं तेव्हा ते दुखणं वाटलंच नाही. थोरली सुई थांबवून तोंडासमोर हात हलवायची आणि म्हणायची, ही चिलटं कुठून आली गं? चिलटं नव्हतीच. मग काचेवर धुकं बसल्यासारखं दिसायला लागलं. ती चष्मा पुसायची, खिडकी पुसायची, धाकटीला म्हणायची, तुझ्या वाफेने माझं दुकान आंधळं केलं. चष्म्याचा नंबर बदलला. काडीचा फरक पडला नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, डोळ्याच्या आत सूज आहे म्हणाले, थेंब दिले, पुढे गोळ्याही दिल्या. आणि काय आश्चर्य, धुकं विरलं. थोरली पुन्हा टेबलाशी बसली, पुन्हा बडबडायला लागली. औषध थांबवलं की थोड्या दिवसांनी धुकं परत यायचं, औषध सुरू केलं की जायचं. असं दोन-तीनदा झालं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी मान हलवून सांगितलं की ही सूज मला सरळ वाटत नाही, मोठ्या इस्पितळात डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांना दाखवून या.

थंडी तोंडावर आली होती. कोट, स्वेटर, शाली, सगळ्या वर्षाची कमाई त्याच दिवसांत व्हायची. धाकटीने विचारलं, थेंबांनी बरं वाटतंय ना? थोरली म्हणाली, वाटतंय की. मग थंडी सरली की जाऊ, असं दोघींनी ठरवलं. सुचवलं धाकटीने, हो म्हटलं थोरलीने. धाकटीने पुढे हे वाक्य मनात कितीदा उलटसुलट करून पाहिलं, पण आधी कोण बोललं ते काही तिला बदलता आलं नाही.

त्याच सुमारास मशीनचा विषय निघाला. धाकटीला ड्राय क्लीनिंगचं मशीन घ्यायचं होतं. लोक आता कपडे रफू करून घालत नाहीत, नवे घेतात, हे तिला दिसत होतं. मशीन ठेवायला जागा एकच होती, खिडकीजवळची. म्हणजे रफूचं टेबल मागच्या कोपऱ्यात, बल्बखाली न्यावं लागणार. तिने भीत भीत, पुष्कळ तयारी करून हे थोरलीला सांगितलं. तिला वाटलं होतं, ताई थट्टा करेल, चिडेल, दोन दिवस टोमणे मारेल आणि मग हो म्हणेल. थोरली काहीच बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. जरा वेळाने उठून वर गेली.

तिथून थोरलीचं बोलणं आटत गेलं. गिऱ्हाइकाने भोक दाखवलं तर ती नुसती कोट घ्यायची आणि बाजूला ठेवायची. कुत्रा नाही, खुर्ची नाही. काही विचारलं तर ‘हं’. कधी तेही नाही. सकाळी लवकर उठणारी बाई उशिरापर्यंत पडून राहायला लागली. नळ उघडा टाकून खाली यायची. एका बाईंचा स्वेटर भलत्याच पिशवीत गेला, आणि धाकटीने विचारलं तर थोरली अशी खेकसली की दुकानातली माणसं गप्प झाली. थोरली खेकसते हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

धाकटीने त्याचा अर्थ लावला. अर्थ अगदी सरळ होता. ताई रुसली आहे. मशीनवरून रुसली आहे, आणि आपल्याला एक शब्दही न बोलता शिक्षा करते आहे. एकदा हा अर्थ लागला की मग प्रत्येक गोष्ट त्यात चपखल बसायला लागली. नळ उघडा राहिला, मुद्दाम. चहा न पिता तसाच ठेवला, मुद्दाम. हाक मारली तर मान वळवली नाही, तीही मुद्दाम. धाकटी मनातल्या मनात एकेक गोष्ट जमा करत गेली.

मग तो काळा कोट आला. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचा. खरं तर त्यांच्या नवऱ्याचा. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. बाईंनी कोट कपाटात ठेवला होता आणि त्याच्या छातीपाशी कसर लागली होती. घालणारं कुणी नाही, पण भोक बघवत नाही, असं त्या म्हणाल्या. थोरलीने कोट घेतला. पुष्कळ दिवस लावले. बाई न्यायला आल्या तेव्हा धाकटीनेच तो नळीवरून काढून टेबलावर पसरला. काळ्या कापडावर निळ्या धाग्याचा एक गोळा होता. उभं नाही, आडवं नाही, नुसते एकावर एक टाके, जखम चिघळल्यासारखे. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. कोटाची घडी घातली, धाकटी पैसे नको म्हणत असताना पैसे टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या.

दार मिटलं आणि धाकटीचा तोल गेला. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर पडलं. राग माझ्यावर असेल तर माझ्यावर काढ, म्हणाली, लोकांच्या मेलेल्या माणसांच्या कपड्यांवर कशाला काढतेस? आणि मग, ज्या वाक्याला ती पुढे जन्मभर घाबरली, ते बोलून गेली.

"मला वाढवलंस, मान्य आहे. पण त्याची वसुली तू मरेपर्यंत करणार आहेस का?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. नीट तिच्याकडे नाही, थोडं बाजूला, जणू धाकटी जिथे उभी होती तिथून वीतभर सरकून कुणी दुसरंच उभं होतं. आणि म्हणाली, "दिवा लाव गं."

भर दुपार होती. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. धाकटीला वाटलं, ही आपल्याला उत्तर देण्याच्याही लायकीचं समजत नाही. तिने दिवा लावला नाही. इस्त्री हातात घेतली आणि पाठ फिरवली.

त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. म्हणजे धाकटीने सुरू केला. एका छपराखाली, एका चुलीवर, एका जिन्याने वर-खाली करत दोघी राहिल्या आणि ती सगळी थंडी धाकटी थोरलीशी बोलली नाही. जेवण वाढून ठेवायची, झाकून ठेवायची, भांडी उचलायची. ताटात एका बाजूचं तसंच राहिलेलं असायचं, तेही तिने रुसव्याच्या खात्यावर मांडलं. दरम्यान मशीन आलं, चार माणसांनी ते खिडकीपाशी बसवलं, रफूचं टेबल मागे गेलं. थोरली त्या कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसून राहायची. कधी कधी धाकटी कपड्यांच्या रांगेआडून तिच्याकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, एकदा ‘ठकू’ म्हण, मी सगळं सोडून देते. थोरली म्हणायची नाही. पहिला शब्द कुणी बोलायचा, यावर धाकटी अडून बसली होती. आपण एकटीच अडून बसलो आहोत, समोर कुणी अडून बसलेलंच नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता, कारण मार्ग तिनेच बंद केला होता.

थंडी संपता संपता लेक सुट्टीवर आली. तिने दोघींना धाक घालायचं ठरवूनच पिशवी उचलली होती. आईच्या फोनवरच्या तुटक बोलण्यावरून तिला भांडणाचा वास आला होता. आल्या आल्या तिने मावशीच्या गळ्यात हात टाकले. मावशी तिच्याकडे बघून हसली, पण नाव घेतलं नाही. स्वेटरची बटणं एकेक घर सोडून लावलेली होती. चहाचा कप तिने पुढे केला तेव्हा मावशीने कपाच्या शेजारची हवा पकडली. उठून आत जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, आणि लागलं म्हणून ओरडलीसुद्धा नाही. लेकीने हे सगळं एका कपभर चहाच्या वेळात पाहिलं. मग ती खाली दुकानात आली, मशीन बंद केलं आणि म्हणाली, "आई, मावशी रुसलेली नाहीये. मावशी आजारी आहे."

धाकटी म्हणाली, तुला माहीत नाही ती कशी आहे ते. पण हे म्हणताना तिच्या हातातला हँगर खाली पडला. बोलताना मध्येच तिला तो ‘दिवा लाव गं’ आठवला होता.

मोठ्या इस्पितळात पडद्याच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी थोरलीच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबवलं, आणि मग कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. डोळ्याच्या पोटात जो पारदर्शक गर असतो, त्यात बारीक पेशींचं धुकं पसरलं आहे, असं त्या म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांत. मग त्यांनी थोरलीशी बोलून पाहिलं. आजचा वार विचारला, कुठे राहता विचारलं. थोरली प्रश्न ऐकायची आणि प्रश्नातच हरवून जायची. डॉक्टरांनी धाकटीकडे वळून विचारलं, "वागण्यात, बोलण्यात फरक केव्हापासून जाणवतोय?"

लेक खाली बघत होती.

"आम्ही बोलत नव्हतो," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांना नीट कळलं नाही. त्यांना वाटलं, या वेगळ्या घरात राहतात. त्यांनी विचारलं, मग यांच्यासोबत कोण असतं? धाकटी म्हणाली, मीच. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि डोक्याचं स्कॅन सांगितलं.

डोळ्यातला गर थोडा काढून तपासावा लागला. छोटी शस्त्रक्रियाच ती. त्याच्या आधी थेंब-गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या, कारण तेच औषध पेशींना तेवढ्यापुरतं दडवत होतं. निकाल आला. लिम्फोमा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, पण रक्तात नाही, गाठीत नाही, थेट डोळ्याच्या आत उगवलेला, आणि तिथून मेंदूत गेलेला. किंवा मेंदूतून डोळ्यात आलेला, दोन्ही होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाल्या. सुजेचं सोंग घेऊन बसतो, भल्याभल्यांना फसवतो. औषधाने बरं वाटतं आणि माणूस गाफील राहतो. स्कॅनवर मेंदूच्या पुढच्या भागात डाग होते. त्यांनी पेन टेकवून दाखवलं. माणूस आपणहून बोलायला लागतो, थट्टा करतो, हाक मारतो, ते इथून, म्हणाल्या. हा भाग दबला की माणूस गप्प होतो, हट्टी वाटतो, चिडतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला.

धाकटीने त्या काळ्या चित्रातल्या पांढऱ्या डागाकडे पाहिलं. तिची सगळी थंडी त्या डागाशी भांडण्यात गेली होती.

उपचार कडक होते. शिरेतून औषध जायचं, मग ते अंगाबाहेर टाकायला सलाईनवर सलाईन. तोंडात फोड यायचे. केस गळले. थोरलीच्या केसांचा पातळ अंबाडा धाकटीनेच एका सकाळी उशीवरून गोळा केला. त्याशिवाय डोळ्यात इंजेक्शनं. आधी दर आठवड्याला, मग लांबत लांबत. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावायचे, बधिर करणारे थेंब घालायचे, आणि बारीक सुई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जायची. धाकटीला बाहेर थांबा म्हणाले की ती थांबायची नाही. थोरलीचा हात धरून उभी राहायची. पहिल्या काही वेळा तो हात नुसता हातात पडून असायचा, ओल्या कपड्यासारखा.

मग एके दिवशी चिमटा लावलेला असताना, डॉक्टर सुई उचलत असताना, थोरली एकदम बोलली. आवाज घोगरा होता, शब्द सावकाश आले, पण आले.

"जन्म गेला माझा सुई धरण्यात. पण मी कुणाच्या डोळ्यात नाही हो घातली."

डॉक्टर सुई बाजूला ठेवून हसल्या. धाकटी थोरलीचा हात सोडून बाहेर आली, जिन्यात बसली आणि पदर नाही की रुमाल नाही, नुसत्या तळहातांनी तोंड दाबून रडली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडली होती. ताई परत आली होती. आणि परत आलेली ताई कुठून परत आली, हे तिला एकटीलाच माहीत होतं.

उन्हाळ्यापर्यंत डाग विरले. उजव्या डोळ्याला नुसता उजेड-अंधार उरला, डाव्याला माणसं ओळखण्याइतकं दिसू लागलं. सुईत दोरा ओवता येईना. थोरलीने एकदा खटपट करून पाहिली, सुया डबीत भरल्या आणि डबी धाकटीकडे दिली. मशीन गिरणीसारखं घोंघावतं, तेवढीच जुनी संगत, असं म्हणून ती गल्ल्यापाशी खुर्ची टाकून बसायला लागली. लोक पुन्हा अर्धा अर्धा तास रेंगाळू लागले.

धाकटीने मधल्या काळात आणखी एक खेप घातली होती. ती रस्त्यापलीकडे त्या म्हाताऱ्या बाईंकडे गेली. सगळं सांगितलं, बहिणीचा आजार, डोळे, मेंदू. म्हणाली, कोट द्या, मी दुसऱ्या गावच्या चांगल्या रफूवाल्याकडून नीट करून आणते. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. त्यांना थोरलीचं फार वाईट वाटलं. पण कोट त्यांनी देऊन टाकला होता. कुणाला, ते त्यांना आठवत नव्हतं, कपडे गोळा करणारी गाडी आली होती. "रोज तो निळा धागा दिसायचा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्याकडून त्यांची वस्तूसुद्धा नीट सांभाळली गेली नाही." आजारपण आधी कळलं असतं तर मी तो ठेवला असता हो, असंही म्हणाल्या. त्यांनी ते धाकटीला बोल लावायला म्हटलं नव्हतं.

क्षमा मागायची, हे धाकटीने ठरवलं होतं. पण ताईला ताप आहे, ताई थकली आहे, आज तपासणी आहे, असं म्हणत ती पुढे ढकलत राहिली. अखेर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, थोरली खुर्चीत बसून हँगरांच्या तारा सरळ करत होती, तेव्हा धाकटी तिच्यापुढे स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, थंडीत मी तुला जे बोलले ना..."

थोरलीने मान वर केली. "काय बोललीस?"

धाकटीने सांगितलं. कोट, वसुली, सगळं. आवाज लपवायला तिने इस्त्री सुरू ठेवली होती, ती मध्येच उठून बंद केली. मग अबोल्याचंही सांगितलं, की मी तुझ्याशी मुद्दाम बोलत नव्हते. थोरली लक्ष देऊन ऐकत होती, दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट ऐकावी तशी. तिला कोट आठवत नव्हता. भांडण आठवत नव्हतं. मशीन कधी आलं तेही आठवत नव्हतं. थेंबांनी बरं वाटलं होतं इथवर तिला नीट आठवत होतं, आणि त्यानंतर एकदम इस्पितळाचं छत. मधलं सगळं कापडच नव्हतं.

"मग तू मला माफ कर," धाकटी म्हणाली.

थोरलीने बराच विचार केला. तिला बहिणीची समजूत घालायची होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अगं ठकू, मी ऐकलंच नाही, तर माफ काय करू?" ती म्हणाली. "मी तिथे नव्हतेच. चल, चहा कर."

हे तिने मायेने म्हटलं. धाकटीलाही ते कळलं. तिने चहा केला, दोघी तो प्यायल्या. पण त्या दिवसापासून धाकटीच्या मनातलं ते वसुलीचं वाक्य कुठे ठेवावं हे तिला कळेनासं झालं. ज्याला द्यायचं त्याने घेतलंच नाही. ताई रागावली असती, चार शब्द सुनावले असते, महिनाभर फुरंगटली असती, तरी बरं झालं असतं. हे म्हणजे ज्याच्या घरी चोरी केली त्याने म्हणावं, माझ्या घरी तर तसली वस्तूच नव्हती.

पुढची थंडी चांगली गेली. त्याच्या पुढच्या थंडीआधी थोरली एका सकाळी जिन्यात बसलेली सापडली. खाली जायचं की वर, हे तिला ठरवता येत नव्हतं. धाकटीने दुकानाला कुलूप लावलं आणि तिला तशीच इस्पितळात नेली. या वेळी तिने एक दिवस वाया घालवला नाही. आजार परत आला होता, मेंदूत, खोल. आधीचं औषध पुन्हा देऊन पाहिलं, दुसरंही दिलं. त्याने काही झालं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरी न्या.

शेवटचे दिवस थोरली वरच्या मोठ्या खोलीत होती. ती पुन्हा गप्प झाली होती, डोळे उघडे, नजर कशावरच नाही. लेक येऊन-जाऊन असायची. ती सांगते की त्या दिवसांत तिची अबोल आई बोलत होती. सकाळपासून. कुणाचा कोट आला, कुणी भांडलं, कुठली बटणं तुटली, समोरच्या दुकानाला कुठला भडक रंग दिला. थोरलीकडून ‘हं’ही येत नव्हतं. आई वाटही बघत नव्हती. पहिल्या थंडीचा विषय मात्र तिने पुन्हा काढला नाही. एकदाच लेकीने तिला मावशीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटताना पाहिलं. काय म्हणालीस, असं विचारलं तर धाकटी म्हणाली, काही नाही, चादर नीट करत होते.

थोरली शांतपणे गेली. भेटायला आलेल्या लोकांनी धाकटीचं फार कौतुक केलं. पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं बहिणीचं केलंत, म्हणाले. धाकटी मान खाली घालून ऐकायची. कौतुक करणाऱ्याला थांबवून खरं सांगावं, असं तिला प्रत्येक वेळी वाटायचं, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस तोपर्यंत उठलेला असायचा.

लेक परत जायला निघाली त्या दिवशी तिने मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना फोन लावला होता. थंडीच्या आधीच आणलं असतं तर मावशी वाचली असती का, हे तिला विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, खात्रीने नाही सांगता येणार, हा आजार लवकर सापडला तरी पुष्कळदा परततो. लेकीला हायसं वाटलं. तिने धावत येऊन ते आईला सांगितलं, की बघ, तुझा काही दोष नाही, डॉक्टरच म्हणतात.

धाकटी गिऱ्हाइकाच्या शर्टाची घडी घालत होती. तिने कॉलर सारखी केली, बाह्या मागे दुमडल्या.

"वाचली नसती, हे मलाही माहीत आहे," ती म्हणाली. "पण ती तेव्हा अंधारात एकटी होती गं. आणि मी इथेच, या टेबलाशी होते."

लेक आईजवळ जाऊन उभी राहिली आणि उरलेले शर्ट घड्या घालायला घेतले. गाडीची वेळ होत आली होती, तरी तिने सगळे संपवले.